पहिला घास परक्याचा

दसरा उलटला की आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या नळाला करंगळीएवढी धार येते. गंगेचा कालवा हरिद्वारला साफसफाईसाठी बंद करतात, तो दिवाळीला पुन्हा सोडतात, आणि मधल्या दिवसांत निम्मी दिल्ली बादल्या भरून ठेवते. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण या कालव्याशी माझा संबंध बादलीपुरताच. तो कुठून येतो, वाटेत कोणाच्या दारावरून जातो, असला प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला अविनाशला.

अविनाश म्हणजे माझा नवरा. मी त्याला नावानेच हाक मारते. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कपाळाला हात लावून तो विषय संपवला होता. अविनाश एका मंत्रालयात फायली हलवतो, येत्या उन्हाळ्यात निवृत्त होईल. त्याला वेड आहे जुन्या विटांचं. दुसऱ्यांचे नवरे क्रिकेट बघतात, हा भिंतीला नाक लावून विटा बघतो. त्याला कुठूनसं कळलं, की मेरठच्या पुढे कालव्यावर एक चिमुकलं गाव आहे. इंग्रजांनी कालवा खणला तेव्हा पाण्याच्या उतारावर पिठाची गिरणी बांधली आणि त्या गिरणीपायी ते गाव वसलं. गिरणी, साहेबाचा बंगला, कामगारांच्या खोल्या, सराई, सगळं जागच्या जागी आहे आणि गिरणी अजून पाण्यावर चालते.

"चलो ना यार," तो म्हणाला, "असं बिल्कुल अख्खं गाव बघायला मिळत नाही."

दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, ते कधी चुकवत नाही. म्हणून भाऊबीज झाल्यावर निघायचं ठरलं. दिवाळीनंतरची दिल्ली तशीही धुरकटून गेलेली असते, चार श्वास बाहेर घ्यावेत म्हणून मी हो म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. गिरणी हा शब्द ऐकल्याबरोबर मला माझी भाजणी आठवली.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी बाईला सगळं मिळतं, थालीपिठाची भाजणी दळून मिळत नाही. आमच्या बाजारातला चक्कीवाला डबा उघडून वास घेतो आणि दोन पावलं मागे सरकतो. "इसमें तो धनिया है मैडम, अगले का गेहूँ महक जाएगा." मिक्सरमधून काढावी तर ती भाजणी राहत नाही, भुकटी होते. तेव्हा दगडाची, पाण्यावर चालणारी, थंड दळणारी गिरणी म्हटल्यावर मी भाजून ठेवलेल्या धान्याचा स्टीलचा डबा गाडीच्या डिकीत घातला. अविनाशने कॅमेरा, टेप आणि विजेरी घेतली. प्रत्येकाची तीर्थयात्रा वेगळी असते.

कोरडी झाल

कालव्याचं पाणी जिथे उंच पायरीवरून खाली उडी घेतं, त्या जागेला इकडे झाल म्हणतात. गावाचं सरकारी नाव काहीतरी लांबलचक आहे, पण विचारताना 'चक्की की झाल' एवढंच विचारायचं. कालव्याच्या कडेने रस्ता होता. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस, आणि मधूनमधून गुऱ्हाळं नुकतीच पेटलेली. इकडे त्यांना कोल्हू म्हणतात. एका कोल्हूवर आम्ही थांबलो. गरम गूळ पळसाच्या पानावर मिळाला, आल्याचा. आपल्याकडच्या गुळाहून हा अधिक खारट आणि मऊ. मी जीभ भाजून घेतली आणि तरी दुसरा तुकडा मागितला.

अविनाशचा हिशेब असा होता, की दिवाळीच्या रात्री सोडलेलं पाणी आम्ही पोहोचेपर्यंत झालेवरून धो धो कोसळत असेल. आम्ही पोहोचलो तेव्हा कालव्याच्या पात्रात दोन म्हशी निवांत बसल्या होत्या आणि पलीकडे क्रिकेट चाललं होतं. वरच्या अंगाला कुठे तरी दुरुस्ती लांबली होती. पाणी उद्या येईल, नाही तर परवा.

"वाईटातून चांगलं," अविनाश म्हणाला. "पाणी असतं तर पुलाच्या कमानी खालून बघायला मिळाल्या नसत्या."

पूल खरंच देखणा होता. तीन कमानी, विटांचे पट्टे एकाआड एक उभे-आडवे रचलेले, मधोमध कमान अडवून धरणारी दगडाची चावी. मी वरून कौतुक करत होते. हा टेप घेऊन खाली पात्रात उतरला. वरून कोरडा भेगाळलेला गाळ आतून श्रीखंडासारखा असतो, हे त्याला पाचव्या पावलाला कळलं. एक पाय गुडघ्यापर्यंत आत. म्हशींच्या मालकाने येऊन त्याला काखेत हात घालून उपटला. अविनाश बाहेर आला, उजवा बूट काही आला नाही.

"गंगाजी ने रख लिया," म्हशीवाला गंभीरपणे म्हणाला. "अब नया ही लेना."

साहेबाची कोठी

उतरायची सोय कालव्याच्या विश्रामगृहात होती. गावात त्याला कोठी म्हणतात. तिची राखण धरमपाल नावाचा चौकीदार करतो. तोच स्वयंपाक करतो, तोच गावाची आकाशवाणी आहे. त्याने अविनाशच्या एका बुटाकडे पाहिलं, काही न विचारता आतून स्वतःच्या जुन्या चपला आणून दिल्या आणि मग बातमी सांगायला गेटवर गेला.

कोठी बघून मीही विटांच्या नादाला लागले, हे कबूल करते. चारी बाजूंनी व्हरांडा, छत इतकं उंच की पंख्याची दांडी माझ्याहून लांब. भिंती हातभर जाड, चुन्यात बांधलेल्या. बाहेर उन्हाचा चटका होता, आत आल्यावर माठात शिरल्यासारखं वाटलं. दिवाणखान्याच्या छताला जुनी कडी शिल्लक आहेत. त्यांना कापडी झालर टांगून बाहेर बसलेला माणूस दोरीने ती पंख्यासारखी हलवत राही. भिंतीतलं दोरीचं भोक अजून आहे. त्या भोकाच्या बाहेरच्या बाजूला विटेवर दोरीने घासून खळगा पडला आहे. अविनाशने साहेबाच्या खोलीचे फोटो काढले, मी त्या खळग्याचा काढला. आत वारा खाणाऱ्याची काही खूण उरलेली नाही, बाहेर बसणाऱ्याची आहे. मला ते बघून बरं वाटलं.

अंगणाच्या कोपऱ्यात एक खोली आहे, तिथे पूर्वी कालव्याची स्वतःची तार-कचेरी होती. वर पाणी किती सोडलं हे खाली कळावं म्हणून. आता तिथे धरमपालच्या शेळ्या राहतात आणि वर पाणी किती सोडलं हे त्याला मोबाइलवर कळतं.

जेवायला उडदाची डाळ, मुळा, हिरवी मिरची, आणि चुलीवरच्या जाड पोळ्या. वर लोण्याचा गोळा. पहिलाच घास मी तोंडात घातला आणि थांबले.

इथे माझ्या दातांबद्दल सांगायला हवं. पिठात कच असली की मला पहिल्या घासाला कळते. घरातले दहा जण जेवून उठले तरी कोणाला काही लागत नाही, मला लागते. आणि लागली की माझ्याने गप्प बसवत नाही. यापायी मी नणंदेच्या घरी, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा अविनाशच्या मोठ्या साहेबांकडे त्याला मान खाली घालायला लावली आहे. घरात मला 'चाळणी' म्हणतात.

"धरमपाल जी," मी म्हटलं, "आटे में किरकिर है."

"किरकिर?" धरमपालचा चेहरा पडला. त्याने स्वतः एक पोळी मोडून खाल्ली. "ना जी. कती ना है."

"है."

अविनाशने टेबलाखालून मला धरमपालच्याच चपलेने ढोसलं. धरमपाल रागावला नाही, पण विचारात पडला. दुसऱ्या पिठाच्या पोळ्या करून आणल्या आणि म्हणाला, "बाजार का आटा है जी. चक्की तो बंद पड़ी." मग भांडी उचलून निघून गेला. माझ्या दातांची बातमी त्याने त्याच संध्याकाळी गावभर वाटली, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

चक्की

गाव म्हणजे कालव्याला काटकोनात एकच रस्ता. कोठीपासून गिरणीपर्यंत चालत गेलं की सगळं बघून होतं, पण अविनाशबरोबर त्याला अर्धा दिवस लागतो. आधी सराई लागते: लांबलचक ओवरी, समोर बैलांच्या गव्हाणी विटांच्या, प्रत्येकीची कड बैलांच्या मानांनी घासून गोल झालेली. लांबलांबचे लोक गाड्या भरून धान्य आणत, नंबर लागेपर्यंत इथे मुक्काम करत. आता ओवऱ्यांत कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचा कडबा, एकीत शिवणाचं दुकान. पुढे कामगारांच्या खोल्यांची चाळ, प्रत्येक दारावर अर्धी कमान. मग विहीर. विहिरीच्या एका बाजूला महादेवाचं देऊळ आणि दुसऱ्या बाजूला मशीद, दोन्ही खोलीएवढी, दोन्ही त्याच भट्टीच्या विटांची, कारण बांधणाऱ्याने गिरणीतून उरलेल्या विटा दोघांना सारख्या वाटल्या म्हणतात. आपल्याकडे गावात वेस आधी आणि घरं नंतर. इथे आधी गिरणी आणि मग देवसुद्धा तिच्या उरलेल्या विटांत.

आणि शेवटी गिरणी. दुमजली, लांब, कालव्याकडे पाठ करून उभी. खालच्या अंगाला पाच कमानींची पाच तोंडं. वरून पाणी उतारावरून या तोंडात शिरायचं, आतलं आडवं चाक फिरवायचं आणि चाकाच्या दांड्यावर वरच्या मजल्यातला दगड फिरायचा. पट्टा नाही, यंत्र नाही. पाच जोड्यांपैकी आता एकच फिरते. बाकीच्या चार जागी नुसते गोल खळगे उरले आहेत.

आत शिरलो तर टक टक टक असा आवाज येत होता. आमच्या लहानपणी वर्ध्याला दुपारच्या वेळी 'टाकीऽऽ लावायची टाकी' असं ओरडत बाई यायची, जात्याच्या गुळगुळीत झालेल्या तळीला छिन्नीने पुन्हा खडबडीत करून द्यायची. तोच आवाज. मी इतक्या लांबून तो ओळखला, याचा मलाच आनंद झाला.

वरचा दगड, इकडे त्याला पाट म्हणतात, उचलून भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्यासमोर गोणपाटावर एक तिशीची बाई बसली होती. डोळ्यांवर मोटारसायकलवाल्याचा चष्मा, ओढणी घट्ट बांधलेली, एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी. दगडाच्या मध्यापासून कडेपर्यंत खाचा जात होत्या आणि ती एकेक खाच उजळत होती. कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले.

"अच्छा," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दाँत वाली मैडम आप हैं?"

अविनाशला हसू आवरेना. ते यासीन मिस्त्री, गिरणीवाले. बाई त्यांची मुलगी नसरीन. तिचा नवरा ट्रक चालवतो, महिना महिना बाहेर. ती दोन मुलांना घेऊन गिरणीच्याच चाळीत राहते. नसरीनने गुळाचा चहा केला, अविनाशला कमानी मोजायला खाली जाऊ दिलं (चपला बाहेर काढायला लावून), आणि मी तिच्याजवळ गोणपाटावर बसले. तिच्या मनगटांवर दगडाच्या कपच्यांचे बारीक बारीक चरे होते.

कालवा बंद असतो तेवढेच दिवस इथे काम करायला मिळतात. पाणी थांबलं की पाट उचलायचा, टाकी लावायची, चाक दुरुस्त करायचं, भिंती पांढऱ्या करायच्या. पाणी आलं की वर्षभर गिरणी फिरत राहते. टाकी लावणं हे मिस्त्रींचं काम. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं. पण मिस्त्रींचे हात थरथरायला लागले होते. मांडीखाली दाबले होते ते त्यासाठी. यंदा पहिल्यांदाच टाकी नसरीनने लावली होती.

"गाँव वाले मानेंगे?" मी विचारलं.

"देखते हैं," ती म्हणाली. "पिछले साल चक्की ठीक चली नहीं. होली तक आटा गरम आने लगा, लोग बिजली की चक्की पे चले गए. अब्बा ने बोल दिया है, इस बार पाट नहीं बोला, ठीक से नहीं पीसा, तो ताला. भाई उधर दिल्ली के पास लोनी में है, उसकी बिजली वाली चक्की है. हम सब वहीं चले जाएँगे."

"और अगले साल?"

तिने छिन्नी फुंकली. "अगले साल की बात इस घर में कोई नहीं करता, आंटी."

ती हे रडत सांगत नव्हती. भाजी काय केली असं विचारल्यावर सांगावं तसं सांगत होती. बाहेर अविनाश खालच्या कमानीतून ओरडून सांगत होता, की चुना बिल्कुल ओरिजिनल आहे. ही गिरणी बंद पडली तर तो चुना ओरिजिनलच राहणार होता, वर कुलूप.

भाजणीचा विषय मी काढलाच नाही. तशी वेळ नव्हती.

उठताना मिस्त्रींनी हाक मारली. इथली एक रीत त्यांनी सांगितली. पाणी आलं की नव्या टाकीच्या पाटावर पहिलं मूठभर दळायचं, त्याची एकच रोटी करायची, आणि तिचा पहिला घास परक्याने खायचा. 'पहला कौर परदेसी का.' गावातला माणूस चालत नाही. गावात प्रत्येक जण कोणाचा तरी चाचा, कोणाचा तरी ताऊ, त्याच्या तोंडून खरं निघणार कसं? पूर्वी रस्त्यावरचा गाडीवान थांबवत, कालव्यातून लाकडं वाहून नेणारा थांबवत. त्याने खाऊन पाट कसा आहे ते सांगायचं. मग उरलेलं पीठ म्हशीला, आणि मग गावाचं दळण सुरू.

"धरमपाल ने बताया, आपके दाँत से कुछ नहीं बचता," मिस्त्री म्हणाले. "कल तक रुक जाइए."

आमचा बेत त्या दुपारी परतायचा होता. अविनाशकडे मी पाहिलं. त्याला आणखी एक दिवस विटा मिळणार होत्या, तो कशाला नाही म्हणेल.

त्या संध्याकाळी आम्ही पुलावर बसलो. मी त्याला नसरीनचं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या मऊ आहे म्हण. बिल्कुल लोणी, असं म्हण. काय बिघडतं?"

"आणि कच लागली तर?"

"गिळ ना यार! एकदा आयुष्यात गिळून टाक."

मला त्याचं पटलं. आजवर ज्यांना ज्यांना मी तोंडावर बोलले होते, त्यांच्यापैकी कोणाचं घर माझ्या दातांवर टांगलेलं नव्हतं.

पाणी

सकाळी चहा घेत होतो तेव्हा धरमपाल धावत आला. "आ गया जी, आ गया!"

कालव्यातलं पाणी नदीच्या पुरासारखं येत नाही. आधी ओली रेघ येते, तिच्या तोंडाशी फेस, काटक्या, झेंडूची फुलं, चपला, देवीचे मुकुट, हरिद्वारपासूनचा सगळा कचरा पुढे ढकलत. मुलं यष्ट्या उपटून काठावर चढली. म्हशी मात्र शेवटच्या क्षणापर्यंत बसून राहिल्या. अविनाशच्या बुटाच्या जागेवरून पाणी गेलं तेव्हा त्याने टोपी काढली. आणि मग झालेवरून पहिली धार पडली आणि आमचं बोलणं एकमेकांना ऐकू येईना.

गिरणीपाशी गाव जमलं होतं. बायका ओढण्या सावरत भिंतीशी, पुरुष खाली ओवरीत. नसरीनने वरचा पाट बसवला होता. तिने लोखंडी चाक फिरवून पाण्याचं दार उचललं. खाली कमानीत काहीतरी घुमलं, जमीन पायांना गुदगुल्या करायला लागली, आणि पाट हलला. आधी जड, आळसावलेला, मग एका लयीत. नसरीनने मूठभर गहू घातला. पाटाच्या कडेने पीठ झरू लागलं तसा वास आला, उन्हात तापलेल्या मातीचा आणि गव्हाचा. ते तिने बोटांवर चोळून पाहिलं. पीठ चाळायचंही नाही, अशी रीत. तिच्या आईच्या वयाच्या एका बाईने तिथेच चुलीवर रोटी भाजली.

रोटी माझ्या हातात आली. अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. अविनाश माझ्याकडे बघून ओठांनी 'लोणी, लोणी' म्हणत होता. मिस्त्री खाटेवर ताठ बसले होते, हात मांडीखाली.

मी घास घेतला.

कच होती. फार नाही, पण होती. दाढेखाली बारीक, स्वच्छ, दगडाची कचकच.

मी चावत राहिले. गिळला की संपलं, एवढंच करायचं होतं. "वाह," कोणीतरी मागून म्हणालं, माझं उत्तर गृहीत धरून. नसरीनने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी खोटं बोलले असते. पण तिने रात्रंदिवस दगड फोडला होता आणि मी तिला पंगतीतल्या पाहुणीसारखं 'छान झालंय' म्हणणार होते. मला माझीच लाज वाटली.

"किरकिर है," मी म्हटलं. "थोड़ी-सी. पर है."

अविनाशने डोळे मिटून घेतले. पाट फिरत होता. नसरीनने मान खाली घातली. मला वाटलं धावत जाऊन त्या कालव्यात उडी मारावी, अविनाशच्या बुटापाशी.

यासीन मिस्त्रींनी हात मांडीखालून काढले. ते इतके थरथरत होते की त्यांना ते चेहऱ्यापर्यंत नेता येईनात. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले आणि हसायला लागले. "लग गई. मेरी बेटी की टाँकी पत्थर में लग गई."

कोणालाच काही कळेना. मिस्त्रींनी नसरीनला जवळ बोलावलं. "नई टाँकी का पहला आटा साफ़ आए, तो समझ लो छेनी ऊपर-ऊपर फिरी है, पत्थर कटा ही नहीं. किरकिर तो आनी चाहिए. इसीलिए तो भैंस को डालते हैं. लोग समझे दान है, सदक़ा है."

"आपने कभी बताया नहीं, अब्बा!"

"बता देता तो गवाही किस काम की रहती?" मग ते माझ्याकडे वळले. "पिछले साल मेरे हाथ का पाट था, मैडम. बारात के एक मेहमान को खिलाया. उसने खाया, बोला मक्खन है. किरकिर ज़रा भी नहीं. सबने वाह-वाह की. मैं उसी दिन समझ गया था कि मेरे हाथ गए."

एवढं बोलून त्यांनी कमरेच्या दोरीला बांधलेली गिरणीची किल्ली सोडायचा प्रयत्न केला. गाठ त्यांच्या बोटांना सुटेना. नसरीनने खाली बसून ती सोडली, आणि सोडलेली किल्ली तिने परत द्यायला हात पुढे केला. त्यांनी ती घेतली नाही.

वर्ध्यालाही टाकी लावल्यावर पहिलं दळण गाईला घालायचे. मला आजवर वाटत होतं, ते पुण्य आहे.

मग म्हशीला पीठ मिळालं आणि गावाची पोती आत यायला लागली. मला आता राहवलं नाही. मी डिकीतून डबा आणला. नसरीनने झाकण उघडलं, वास घेतला आणि दिल्लीच्या चक्कीवाल्यासारखीच दोन पावलं मागे सरकली.

"धनिया? ना आंटी. पाट महक जाएगा, सारे गाँव की रोटी में धनिया आएगा."

अविनाश पोट धरून हसला. मी डबा उचलला. दारापर्यंत पोहोचले असेन, तेवढ्यात तिने मागून हाक मारली, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून.

"आंटी! दशहरे पे लाना. जिस दिन पानी बंद होगा, उस दिन सबसे आख़िर में पीस दूँगी. फिर तो पाट को टाँकी लगनी ही है, महक निकल जाएगी." ती क्षणभर थांबली, आपण काय बोललो ते तिच्याच लक्षात आलं असावं. मग तिने पुन्हा, अधिक मोठ्याने सांगितलं, "अगले साल लाना!"

खाटेवरून मिस्त्रींनी मान वर केली.

दसऱ्याला आम्ही नागपूरला असतो, हे मी तिला सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर अविनाश धरमपालच्या चपलांनी गाडी चालवत दसऱ्याच्या नागपूर-दिल्ली विमानांच्या वेळा मोठ्याने जुळवत होता. ती भाजणी मी घरी मिक्सरवरच काढली, आणि थालीपीठ भुकटीसारखंच लागलं.

इमारती बघायला जाणार असाल तर केव्हाही जा. कोठीच्या भिंतीतलं दोरीचं भोक आणि सराईच्या गव्हाणी कुठे पळून जात नाहीत. पण दिवाळीनंतर, पाणी येण्याच्या सुमाराला गेलात आणि कोणी तुमच्या हातात गरम रोटी ठेवून टक लावून बघत उभं राहिलं, तर पाहुण्यासारखं वागू नका. कच लागली तर कच आहे म्हणा.